पिवळे कार्ड आणि उरलेल्या गोळ्या

मासिकासाठी लेख मागणारी नोटीस होस्टेलच्या बोर्डावर लागली तेव्हा रूममेट म्हणाली, "तू तर कॉन्व्हेंटवाली, तू इंग्लिश सेक्शनला दे की!" आमच्या वाशिमकडे कॉन्व्हेंट म्हणजे नन आणि चर्चच असावे असे काही नाही. इंग्रजी माध्यमाची कुठलीही शाळा, मग ती दोन खोल्या आणि पत्र्यांची का असेना, कॉन्व्हेंटच. मी तिथलीच. मराठी माझे शुद्धलेखनात कच्चे आहे, मॅडम ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घेतील ही आशा. पण ही गोष्ट मला मराठीतच सांगायची आहे, कारण ती एका इंग्रजी कागदाचे मराठी नीट न केल्यामुळे घडली. आणि ते मराठी करणारी मीच होते.

माझा दादा आयटीआयचा फिटर. कारंज्याच्या एका जिनिंगमध्ये सात वर्षे काढली. रोलर बदलणे, बेअरिंग बसवणे, पट्टा ताणणे ही कामे तो डोळे मिटूनही करू शकेल. (आम्ही इंजिनिअरिंगवाले उघड्या डोळ्यांनी व्हायव्हात अडकतो ते सोडा.) नागपूरकडून आफ्रिकेत जिनिंगची यंत्रे जातात, आणि यंत्राबरोबर ती उभारून देणारी माणसेही जातात. २०२३ मध्ये दादाला अशीच संधी आली. युगांडाच्या उत्तरेला लिरा नावाचे शहर आहे, त्याच्या जवळ एक जुनी जिनिंग होती, तिथे नवीन यंत्रे बसवायची होती. दोन महिने काम, पगार इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. तिकडे कापूस नोव्हेंबरनंतर जिनिंगला यायला लागतो, म्हणून यंत्रे त्याआधी उभी राहिली पाहिजेत. घरात आनंदीआनंद! आमच्या घराण्यातला विमानात बसणारा पहिला माणूस तो.

आई मात्र एकच विचारत राहिली, "आफ्रिकेत काहून? पुण्याले काम नाही का?"

तर लसीची गोष्ट. युगांडात शिरायचे तर पिवळ्या तापाची, म्हणजे यलो फीव्हरची लस घेतल्याचा दाखला लागतो. ही लस आपल्या गावातल्या मेडिकलवर मिळत नाही. सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच ती टोचतात आणि पासपोर्टसारखे एक पिवळे पुस्तकवजा कार्ड देतात. दादा आणि त्याच्याबरोबरचे तिघे अकोल्याहून रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेले. तिथे रांगेत उभे राहिले, अंड्याची ॲलर्जी आहे का असे विचारले गेले (ही लस कोंबडीच्या अंड्यांवर वाढवतात म्हणून), आणि सुई टोचून घेऊन परत आले. ज्या एजंटने त्यांना कामाला लावले होते, त्याचे म्हणणे असे, की एवढी दगदग कशाला, मी सुई न टोचता कार्ड आणून देतो. दादा नाही म्हणाला. का, ते मी नंतर विचारले. तो म्हणाला, "बेअरिंग न बदलता बदलली अशी सही मी कधी केली का?" दादा जास्त बोलत नाही, पण बोलला की असे.

ह्या कार्डाचा नियम मला फार मजेशीर वाटतो. लस घेतल्यावर दहा दिवस ते चालत नाही, अकराव्या दिवसापासून चालते, कारण शरीराला तेवढा वेळ लागतो. पूर्वी दर दहा वर्षांनी पुन्हा टोचून घ्यावे लागे. ११ जुलै २०१६ पासून एकदा टोचले की जन्मभर पुरते. आणि परत येताना कार्ड नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. आधी मला वाटायचे, युगांडाला भीती आहे म्हणून युगांडा कार्ड मागतो, भारत कशाला मागतो? उत्तर आपल्या होस्टेलच्या गच्चीवर आहे. पिवळा ताप पसरवणारा डास म्हणजे एडिस इजिप्ती, तोच डेंग्यूवाला, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा. तो आपल्याकडे घरोघरी आहे. फक्त पिवळ्या तापाचा विषाणू नाही. आशियात हा ताप कधी पसरलेला नाही. म्हणजे वायरिंग सगळी तयार, नुसता करंट यायचा बाकी! एक माणूस रक्तात विषाणू घेऊन उतरला आणि त्याला आपल्या कूलरमधला डास चावला तर काय, ह्या भीतीपोटी हे कार्ड आहे. ते दादाच्या अंगाइतकेच आपल्यासाठीही आहे.

कूलरवरून आठवले. आपण इंजिनिअर मंडळी आहोत म्हणून पनामाची गोष्ट सांगतेच. सुएझचा कालवा १८६९ मध्ये ज्यांच्या पुढाकाराने झाला, ते फ्रेंच लेसेप्स साहेब १८८१ मध्ये पनामा खणायला निघाले. यंत्रे होती, पैसा होता, नाव होते. आठ वर्षांत सगळे बुडाले. सुमारे बावीस हजार माणसे मेली, बहुतेक पिवळ्या तापाने आणि मलेरियाने. त्यांनी रुग्णांसाठी छान इस्पितळे बांधली होती. खाटेवर मुंग्या चढू नयेत म्हणून खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते. त्या वाट्यांत डास वाढत होते! रुग्ण ठेवायच्या जागीच रोगाचा कारखाना. डासाचा संबंध क्यूबातल्या कार्लोस फिन्ले ह्या डॉक्टरने १८८१ मध्येच सांगितला होता, पण त्याचे कोणी मनावर घेतले नाही. १९०० मध्ये वॉल्टर रीडच्या मंडळींनी तो सिद्ध केला. मग अमेरिकनांनी पनामात आधी डास हटवले, मग खणले, आणि १९१४ मध्ये कालवा सुरू झाला. लस त्याच्याही नंतरची, १९३७ ची, मॅक्स थायलरची. त्याबद्दल त्याला १९५१ चे नोबेल मिळाले. आपल्या सिव्हिलच्या सरांनी पनामा शिकवताना लॉक गेटचे सगळे डायग्राम काढले, वाट्यांचे काही सांगितले नाही. परीक्षेत येत नाही ना.

असो. पिवळा ताप हा माझ्या गोष्टीतला खलनायक नव्हेच. त्याचे काम दादाने चोख केले होते. कार्डावर शिक्का होता, तारीख होती. खलनायक दुसरा, आणि तो आमच्या ओळखीचा.

मुंबईच्या डॉक्टरांनी दादाला लसीबरोबर आणखी काही गोष्टी दिल्या होत्या. टिटॅनसचे इंजेक्शन, टायफॉइडची लस, आणि मलेरियासाठी गोळ्या, डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम. त्यासोबत इंग्रजीत छापलेला एक कागद. कागद घेऊन दादा घरी आला तो नेमका महालक्ष्म्यांच्या दिवशी. घरात ही गर्दी! सोळा भाज्यांची चिराचिर, पुरणाचा गोळा, आंबिलीचे पातेले, आणि मावश्या-आत्या. मी नुकतीच फर्स्ट इयरला ॲडमिशन घेऊन, होस्टेलवर पंधरा दिवस काढून, सणाला आले होते आणि माझा भाव फार वधारलेला होता. दादाने कागद माझ्यासमोर धरला.

"तू वाच बरं. तुले इंग्रजी येते."

वाचायला मला दोन मिनिटे लागली. सांगायला अर्धे. "निघायच्या दोन दिवस आधी चालू कर. रोज एक. जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत, दुधासोबत नको. गोळी घेतल्याबरोबर आडवा होऊ नको. उन्हात अंग लवकर भाजेल, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल."

"अन् कधीपर्यंत?"

कागदावर होते, मलेरियाचा प्रदेश सोडल्यानंतर चार आठवडे रोज चालू ठेवा. मी ते वाचले होते. मला ते समजलेही होते. शपथेवर सांगते, ह्यात भाषेचा काही दोष नव्हता. पण माझ्या मनात आले, घरी आल्यावर कशाला गोळ्या? घरी काय आफ्रिका आहे? हे कंपनीवाले, डॉक्टरवाले उगाच वाढवून सांगतात. तेवढ्यात आत्याने हाक मारली, वाढायला चल म्हणून. मी म्हटले, "परत येईपर्यंत." आणि उठले.

दोन शब्द!

आता आमच्याकडे मलेरियाची भीती का नव्हती तेही सांगते. आपण स्वतःच उष्ण कटिबंधातले. कर्कवृत्त मध्य प्रदेशातून जाते, म्हणजे अख्खा महाराष्ट्र त्याच्या खाली. इंग्लंड-अमेरिकेतला माणूस अजिंठ्याला निघाला तर त्यालाही असाच कागद देतात, टायफॉइडची लस घ्या, पाणी उकळून प्या, डासांपासून जपा. तिकडच्या नकाशात वाशिम आणि लिरा एकाच रंगात असणार. मग आम्हाला डासांचे काय शिकवता? आमच्या घरी हिवताप म्हणजे सर्दीचा मोठा भाऊ. बाबांना झाला, मला झाला, दादाला लहानपणी दोनदा झाला. आशाताई येतात, बोटातून रक्त घेतात, काचपट्टीवर पसरतात, गोळ्या देतात. तीन दिवस थंडी वाजते, घोंगडी पांघरून पडायचे, चौथ्या दिवशी शेतात.

पण मलेरिया मलेरियात फरक आहे, हे मला इन्स्ट्रुमेंटेशन शिकता शिकता कळायचे नव्हते, कळले ते वाईट रीतीने. आपल्याकडे दोन प्रकार चालतात, व्हायवॅक्स आणि फाल्सिपॅरम. व्हायवॅक्स छळतो पण सहसा मारत नाही. युगांडासारख्या देशात जवळजवळ सगळा फाल्सिपॅरम. तिथल्या बहुतेक लोकांच्या तांबड्या पेशींवर एक खूण नसते, जिला धरून व्हायवॅक्स आत शिरतो. त्यामुळे व्हायवॅक्सला तिथे दार बंद आहे. फाल्सिपॅरम मात्र मेंदूपर्यंत, मूत्रपिंडापर्यंत जातो. लहानपणी दोनदा झालेल्या इथल्या हिवतापाच्या भरवशावर तिथे जाणे म्हणजे विहिरीत पोहणाऱ्याने समुद्राला ओळखतो म्हणण्यासारखे.

आणि लिरा तर त्यातलेही त्यात. त्याच्या शेजारी अपाक म्हणून जिल्हा आहे. तिथे या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी डास पकडून मोजले. एका माणसाला वर्षाला मलेरियाचे जंतू असलेले चावे दीड हजारांहून अधिक! दिवसाला चार. नुसते चावे नव्हेत, जंतूवाले. मला ही संख्या नंतर लायब्ररीत सापडली आणि मी पुस्तक मिटून बाहेर जाऊन उभी राहिले.

दादा तिथे गोळ्या घेत होता, मच्छरदाणीत झोपत होता. हा डास, म्हणजे ॲनोफिलीस, रात्रीचा. त्याच्यासोबत काम करणारे तिथले कामगार गोळ्या घेत नसत. त्यांना लहानपणापासून इतक्यांदा झालेला असतो, की मोठेपणी शरीर त्याला थोडेफार आवरून धरते. ते दादाला हसायचे म्हणे. फोनवर दादा तिकडच्या गमती सांगायचा. केळी कुटून भाजी करतात, त्याला माटोके म्हणतात. जुन्या जिनिंगच्या दारावर अजून गुजराती अक्षरे आहेत. तिथल्या बऱ्याच जिनिंग पूर्वी आपल्या गुजराती लोकांच्या, १९७२ मध्ये इदी अमीनने सगळ्यांना देशाबाहेर काढले. दिवाळीला त्याने कामगारांना पेढे म्हणून दूध आटवून काहीतरी केले, ते त्यांना आवडले नाही. दोन महिन्यांत त्याला एकदाही ताप आला नाही. १ डिसेंबरला एंटेबेहून विमानात बसला. मुंबईला उतरल्यावर पिवळे कार्ड दाखवले आणि घरी आला. आणि माझ्या आज्ञेप्रमाणे गोळ्या बंद केल्या.

आता ते चार आठवडे कशासाठी, ते सांगते. डास चावला की मलेरियाचे जंतू आधी यकृतात जाऊन बसतात. तिथे आठवडा-दोन आठवडे गुपचूप वाढतात. डॉक्सीसायक्लिन त्यांना तिथे फारसे काही करू शकत नाही. ते रक्तात उतरले की मग ती त्यांना मारते. म्हणजे गोळी हा दारावरचा पहारेकरी आहे, आत लपलेल्यांना तो हुडकत नाही. शेवटच्या रात्री लिरात चावलेल्या डासाचे जंतू मुंबईच्या विमानतळावरून दादाच्या यकृतात बसून वाशिमला आले. विमानतळावर त्यांचे कार्ड कोणी मागितले नाही. आणि ते रक्तात उतरले तेव्हा पहारेकरी घरी गेलेला होता.

१७ डिसेंबर, रविवार. दादाला ताप आला. माझी परीक्षा जवळ म्हणून मला कोणी सांगितले नाही. गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून औषध दिले, दोन सलाईन लावल्या. त्यांना दोष नाही. डिसेंबरात वाशिमला प्रत्येक घरात कोणीतरी खोकत असते. त्यांनी विचारले, कुठे बाहेरगावी गेला होता का? आई म्हणाली, नाही.

हो, माझी आई खोटे बोलली. २०२० मध्ये आमच्या गल्लीत मुंबईहून आलेल्या एका घराला लोकांनी काय वागवले ते तिने पाहिले होते. दारावर कागद, दूधवाला बंद, पोरांना कोणी जवळ करेना. "आफ्रिकेतून आलेला पोट्टा तापानं पडला म्हटलं, तर आपल्या दारात कोण येईल?" म्हणून दादा तीन दिवस 'कुठेच न गेलेला' माणूस म्हणून सलाईन घेत पडला. गंमत अशी, की आमच्याच गल्लीतले एक चाचा त्याच वर्षी हजला जाऊन आले, त्याआधी मेंदूज्वराची लस घेऊन आणि पोलिओचे थेंब पिऊन, आणि सगळ्या गल्लीने त्यांचे हार घालून स्वागत केले. हजला लस लागते, हे वाशिम-मंगरुळपीरकडच्या पोरासोरांना माहीत आहे. त्यात कोणाला लाज नाही. आमच्या घरची लाज कुठून आली कोण जाणे.

चौथ्या दिवशी दादाचे डोळे पिवळे झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, कावीळ आहे, नाकात थेंब टाकणारा एक जण माहीत आहे. बुधवारी रात्री बाबांनी मला फोन केला, तोही कावीळ इंग्रजीत काय म्हणतात ते विचारायला. म्हणाले, "बडबडून राहिला गं. मले ओळखत नाही मधूनच."

मी आपल्या होस्टेलच्या जिन्यात उभी होते. मेसमधून परतणाऱ्या पोरी अंगावरून जात होत्या. मी विचारले, "गोळ्या चालू आहेत ना त्याच्या?"

"त्या तं तूच बंद करायला सांगतल्या ना?"

बाबा हे रागाने बोलले नव्हते. त्यांना खरेच वाटत होते, की मी सांगितले म्हणजे ते बरोबरच असणार.

त्या पुढची पंधरा मिनिटे मला नीट आठवत नाहीत. मी बाबांना एवढेच ओरडून सांगितले, की आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा आणि 'युगांडाहून आला' हे दोन शब्द सांगा, बाकी काही नका सांगू. त्यांनी सांगितले. डॉक्टर खुर्चीवरून उठलेच म्हणे. रात्री साडेदहाला किटवर रेघ उमटली, स्मिअरमध्ये तांबड्या पेशींच्या आत बारीक अंगठ्या दिसल्या. फाल्सिपॅरम. एका तासात गाडी अकोल्याच्या रस्त्याला लागली. पहाटेपर्यंत आर्टेसुनेटचे इंजेक्शन सुरू झाले होते. हे औषध एका चिनी झाडापासून निघालेल्या द्रव्याचे, ज्या तू योयो बाईंनी ते शोधले त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले. मी कधी चीनला गेले तर त्यांच्या घराच्या दिशेने एक नमस्कार करीन.

मी सकाळच्या एसटीने पोहोचले. दादाने मला ओळखले नाही. दुपारी ओळखले. लघवी कमी होत होती, डायलिसिस लागेल की काय असे दीड दिवस चालले, मग लागले नाही. नऊ दिवसांनी घरी आला तो अकरा किलो कमी होऊन.

त्या नऊ दिवसांत एकदा कपडे आणायला मी वाशिमला आले. दादाची प्रवासाची बॅग पलंगाखाली होती. तिच्या बाजूच्या कप्प्यात डॉक्सीसायक्लिनची तीन पाकिटे अख्खी, चौथ्यात पाच गोळ्या. पस्तीस. डॉक्टरांनी मोजून दिल्या होत्या. जाण्याआधीच्या दोन, तिथल्या, आणि नंतरच्या अठ्ठावीस, वर थोड्या जास्तीच्या. त्यांचा हिशेब बरोबर होता. दुकानदाराचा बरोबर होता. छापणाऱ्याचा बरोबर होता. दादाने दोन महिन्यांत एकही चुकवली नव्हती, पुरावा माझ्या हातात होता. एवढ्या लांबच्या साखळीत चुकलेली कडी एकच, आणि तिला दहावीत इंग्रजीत ९४ होते.

मला हाफकिन साहेबांची एक गोष्ट त्यानंतर वाचायला मिळाली. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, तेव्हा ह्या माणसाने काही महिन्यांत लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांचीच. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने गेली. ठपका हाफकिनवर आला, नोकरीतून बाजूला केले. पुढे दिसून आले, की बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने वापरला. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. सगळे हाफकिनबद्दल हळहळतात. मी त्या मदतनिसाचा विचार करते. त्याला त्या दिवशी कोणीतरी घाईची हाक मारली असेल का?

दादाला मी अकोल्यातच सांगितले, की कागदावर चार आठवडे लिहिले होते आणि मी ते वाचले होते. घरात बाकी सगळ्यांना वाटत होते, की ते इंग्रजी अवघड असेल, पोरीला समजले नसेल. तसेच समजू दिले असते तर चालले असते. दादा बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी तुले 'काहून' असं विचारायला पाहिजे होतं. मशीनवर मी कोणाचं असं ऐकतो का?" एवढेच. मला वाटते, तो रागावला असता तर मला बरे वाटले असते.

दादा युगांडात उतरला त्याच आठवड्यात, २ ऑक्टोबर २०२३ ला, जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियाच्या दुसऱ्या लसीची शिफारस केली. आर-२१ तिचे नाव. ऑक्सफर्डची, पण बनते आपल्या पुण्यात, सीरमच्या कारखान्यात. ती तिकडच्या लहान मुलांसाठी आहे, दादासारख्या प्रवाशांसाठी नाही. एप्रिल २०२५ मध्ये युगांडाने ती द्यायला सुरुवात केली, आणि सुरुवात केली ती त्याच अपाक जिल्ह्यात. आई म्हणत होती, पुण्याले काम नाही का. होते की, पुण्याचेच काम तिकडे चालले होते! तिला हे सांगितले तर तिने तिकडच्या लेकरांसाठी देवापुढे दिवा लावला.

या वर्षी दादा पुन्हा गेला. तीच जिनिंग, आणखी दोन यंत्रे. आईने अबोला धरला, बाबांनी मध्यस्थी केली, त्यात पडत नाही. पिवळे कार्ड जुनेच चालले. गोळ्यांचा कागद मात्र मी ह्या वेळी रात्री जेवणे झाल्यावर, दार लावून, आमच्या बोलीत स्वतः लिहिला. 'काहून' सकट. प्रत्येक ओळीपुढे कारण. कुठे अडले तर होस्टेलवर येणाऱ्या डॉक्टरांना विचारून घेतले. ते हसले नाहीत, उलट दोन चुका काढून दिल्या. शेवटी मोठ्या अक्षरात लिहिले, घरी आल्यावर अठ्ठावीस दिवस. आणि खाली, ताप आला तर पहिले वाक्य 'मी युगांडाहून आलो' हेच. तीन महिने झाले असले तरी. दादाबरोबर जाणाऱ्या दोघांनी त्याची झेरॉक्स मागून नेली. एकाच्या बायकोने फोन करून विचारले, 'आडवे होऊ नये' म्हणजे किती वेळ? मी अर्धा तास तरी म्हटले, आणि मग खात्री करायला पुन्हा डॉक्टरांकडे गेले. बरोबर होते. पण आता मला स्वतःच्या बरोबरवर भरवसा ठेवायला वेळ लागतो.

दादा परत येऊन तीन आठवडे होत आले. रात्री जेवणानंतर तो मला मेसेज पाठवतो, नुसता आकडा, दुसरे काही नाही. काल २० आला होता. आज मेस सुटून तास झाला तरी मोबाईल वाजला नाही म्हणून मी हे लिहिणे थांबवून घरी फोन लावला. आईने उचलला. म्हणाली, तो समोरच जेवायला बसला आहे, आज उशीर झाला, ताटाशेजारी गोळी आणि तांब्या ठेवला आहे.